हळदव्हाळ, जेवणाची सुट्टी

पाट्या दोन आहेत.
जुनी दगडात, अक्षरं शेवाळाखाली.
नवी पत्र्याची: पाणी पिण्यास अयोग्य. साबण लावू नये.
तिच्याच खिळ्याला कुणाचा तरी ओला टॉवेल.

वर पठारावर आमचा कारखाना.
मी तिथे मलमाच्या ट्यूबा मोजतो.
खरूज, नायटा, गजकर्ण;
दोन आठवडे, दिवसातून तीनदा, डोळ्यांपासून दूर ठेवा.
खाली, जिथे काजूची मुळं जांभ्याच्या फटीत शिरतात,
तिथे हेच रोग
फुकट धुतले जायचे.

मे महिन्यात लोक मुदांसीला यायचे.
सासष्टीतून बैलगाड्या, पुढे कामियांव,
पत्र्याच्या ट्रंका, उकडे तांदूळ, सुक्या बांगड्यांचा वास,
आणि एखाद्या आजाऱ्याची खुर्ची,
जी परत जाताना रिकामी दिसली
तर माणूस चालत गेला की गेलाच,
हे ज्याने त्याने आपल्या स्वभावानुसार सांगावं.

झरीला शिस्त नव्हती, माणसांना होती.
पहाटे भाटकार. मागोमाग पाद्री, छत्रीसकट.
मग बामण, तांब्या आपला आपला.
आम्ही मधे कुठेतरी. बायका झावळ्यांच्या आडोशाला.
रेंदेर, ऊन डोक्यावर आल्यावर.
आणि तिन्हीसांजेला, खालच्या अंगाला,
ती माणसं, ज्यांच्यापर्यंत पाणी
वरच्या सगळ्यांना धुऊन यायचं.
तीच लवकर बरी व्हायची, असं कायतान म्हणायचा.
नळीत अडकलेली पानं काढणं एवढीच त्याची नोकरी.
म्हणायचा, वरच्यांना औषध लागत नाही,
अंगावरून घसरतं.

माझी आत्या इथे आली
पाखल्यांच्या शेवटच्या मे महिन्यात,
हातांना चिरा, बोटं मिटत नव्हती.
एकवीस दिवस राहिली.
विसाव्या दिवशी तिने आपली वेणी आपण घातली.
डिसेंबरात पाखले गेले.
तिला विचाराल तर ते वर्ष
हात बरे झाल्याचं.

परवा मी बाटलीभर पाणी
लॅबमधल्या आग्नेलला दिलं, चोरून.
त्याने कागद दिला.
लोह, थोडं. आंबटपणा, किंचित.
गंधक नाही. बाकी काहीच नाही.
"तुझ्या विहिरीला याहून बरं असेल," म्हणाला,
आणि बाटली धुऊन परत केली.

कागद खिशात घेऊन आत्याकडे गेलो.
ती नारळ किसत होती.
विचारलं, इथे दिवसभर करायचीस काय?
"काही नाही," म्हणाली,
आणि थांबली, चोरी कबूल केल्यासारखी.
"एकवीस दिवस मला कुणी भांडी दिली नाहीत रे.
राख नाही, चिंच नाही, काथ्या नाही.
नुव्याची एक पिएदाद होती,
तिला पाठ चोळून हवी असायची,
मला तिच्या दादल्याच्या गोष्टी,
तो बोटीवर, आणि घरी आला की
जमिनीवर चालताना पडायचा.
हसून हसून तोंडात पाणी जायचं.
खारट नव्हतं, गोड नव्हतं.
कसं होतं विचारू नको."
मग करवंटी उलटी करून ठेवली
आणि मला म्हणाली, जेवून जा.

पठारावर कूपनलिका वाढल्यात.
एप्रिलात धार करंगळीएवढी होते,
तिच्याखाली तांब्या धरला
तर भरेपर्यंत एक विडी ओढून होते.
कायतानची जागा कुणी भरली नाही,
पानं मीच काढतो, डबा उघडण्याआधी.

कागद अजून खिशात आहे.
पँटीबरोबर दोनदा धुतला गेला.
आता त्यावर
लोह तेवढं वाचता येतं.