कानावरची खूण

इनारीत नोव्हेंबरात दुपारी दोनलाच अंधार पडतो.
संघाच्या कचेरीत हीटर, ओल्या मोज्यांचा वास
आणि माझ्या पडद्यावर क्लास रेनडिअर:
नंबर, जन्मवर्ष, आई, मालक.

मी औलूचा. मला एक रेनडिअर दुसऱ्यापासून वेगळा सांगता येत नाही.
पण टेबलातली रांग उचलून
तिचं जनावर करून देणारी एक लायब्ररी आहे माझ्याकडे.
दुभाषीच म्हणा.
मी इकडे म्हणतो, पाडसाची आई.
ती तिकडे जाते, डेटाबेसशी त्याच्या बोलीत बोलते,
काय निवडायचं, कुठून, कशावरून,
आणि उत्तर घेऊन येते.
चिखल लागतो तो तिच्या पायांना.

'यादी दाखव,' रिस्तेन म्हणाली.
साठीची बाई. कमरेला सुरी, चष्मा दोरीला.
मी बटण दाबलं. चक्र फिरू लागलं.
तिनं कॉफी ओतली, त्यात चीजचा तुकडा टाकला,
भिजू दिला, चमच्यानं काढून खाल्ला.
चक्र फिरतंच आहे.

लॉग उघडून बघतो तर
माझी दुभाषी एकेका जनावरापाशी थांबून विचारतेय,
तुझा मालक कोण?
तुझा मालक कोण?
चार हजार आठशे बारा वेळा.
दर वेळी आडापर्यंत जायचं,
पोहऱ्यात एकच नाव घेऊन परत यायचं.
न कंटाळता. मी तिला तसंच सांगितलं होतं,
म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं.

रिस्तेन हसली.
'कुंपणात असं विचारत बसलो
तर नाताळ उजाडेल.'
आणि बोटानं टेबलावर एक वर्तुळ काढलं:
कळप गोल धावत असतो,
आपण मधोमध उभं राहायचं,
धावत्या कानांवरचे काप वाचायचे.
ज्या पाडसाचा कान अजून कोरा,
ते कुणाच्या मागे पळतंय बघायचं.
बस.

मी त्या ओळीत एक शब्द वाढवला:
मालकांसकट.
दुसरा कप तिच्या ओठाला लागायच्या आत
यादी आली.

'आता योव्नाला काढ.'
योव्ना तिचा भाऊ.
गेल्या मार्चात तळ्यावरचा बर्फ फुटला,
स्कूटरसकट गेला.

मी डिलीटवर बोट नेलं. तसंच ठेवलं.
सप्टेंबरात, घाईत, मीच लिहून ठेवलं होतं
की मालक गेला तर त्याच्यामागचं सगळं जावं.
एका नावामागे दोनशे सत्तर जनावरं.
ती या क्षणी डोंगरावर
खुरांनी बर्फ उकरून दगडफूल खात असतील,
आणि इथे माझ्या एका टिचकीनं
ती कधी जन्मलीच नव्हती असं झालं असतं.

लायब्ररीत त्याला शब्दही आहे. पोरकी.
पोरकी रांग दिसली की पुसून टाक.
मी रिस्तेनला हे समजावायला गेलो, जीभ अडखळली.
ती म्हणाली, 'पोरकी कशी? कान कापलाय ना.'

मग नियम काढला. तासभर गेला.
खूण वेगळ्या टेबलात ठेवली, माणूस वेगळ्या.
माणसं बदलतील, खूण राहील.
आता या खुणेपुढे नाव कुणाचं?
भाची एल्ले ट्रॉम्सोला नर्सिंग शिकते.
तीन वेळा फोन केला, उचलला नाही.
'रिकामं ठेवता येतं?'
येतं, म्हटलं. मी परवानगी दिली तर.
रिकामं म्हणजे शून्य नाही,
रिकामं म्हणजे अजून माहीत नाही.
'मग तसंच लिही,' ती म्हणाली,
जणू रिकामंही लिहावं लागतं.
लागतंच.

कमिट केलं.
जाताना तिनं माझ्या वहीच्या कोपऱ्यात
योव्नाच्या खुणेचं चित्र काढलं:
डावा कान टोकाशी दुभंग,
उजव्यावर खालून दोन तिरके काप.
हे कोणत्या रकान्यात ठेवायचं
ते अजून ठरलेलं नाही.
पान फाडून मॉनिटरला चिकटवलंय.