कोरम

तीन यंत्रं माझ्या हवाली आहेत.
एक मुंबईत, एक हैदराबादेत, एक सिंगापुरात.
पहिल्या दोघांच्या मधे
रेल्वेच्या पाटीवर सोलापूर लिहिलेलं असतं,
पण माझ्या डेटाला इथे थांबा नाही.
मी मात्र इथेच, विडी घरकुलात, पत्र्याखाली,
टेबलफॅनचं तोंड लॅपटॉपकडे.

"ढगात ठेवतात म्हंजे कुठं ग?" अम्मा विचारते.
"आपल्या ढगावर विमानातून मीठ मारलं तरी
थेंब पडंना. त्यात तुमी हिशेब ठेवताव?"
दुसऱ्याच्या मशिनी असतात, अम्मा, भाड्यानं.
तासावर पैसे.
"मग माग म्हण की त्याला. ढग कशाला म्हणलालीस?"

नियम असा:
तिघांपैकी दोघांनी हो म्हटल्याशिवाय
कुठलीच नोंद खरी धरायची नाही.
एखादा बंद पडला तरी काम चालतं.
एकटा पडलेला काहीही लिहून बसो,
परत आल्यावर त्यानं आपलं पुसायचं
आणि दोघांचं उतरवून घ्यायचं.
याला कोरम म्हणतात,
सोसायटीच्या मीटिंगात असतो तोच,
फक्त इथे चहा नसतो.

कॉलेजात हे शिकवलं तेव्हा
मी वहीत काही लिहिलं नाही.

त्या दिवशी अम्मानं चाळीस कट्टे बांधले होते.
शेवटच्या सहांना दोरा मी गुंडाळला,
म्हणून आकडा मला पाठ.
ब्रँचवर मल्लिनाथ चेकरनं सुपात बोटं फिरवली,
म्हणाला, चार कट्टे छाट.
कार्डावर छत्तीस. रजिस्टरात छत्तीस.
छाट निघालेल्या विड्या तो परतही देत नसे.
आमच्या दारामागे, कोळशाच्या रेघांत, चाळीस.
दोन विरुद्ध एक.
अम्मा भांडली. आधी तेलुगूत, मग मराठीत,
मग ज्या भाषेत माणूस नुसता उभा राहतो
त्या भाषेत.
घरी येऊन तिनं पदराचं टोक ओलं केलं
आणि भिंतीवरच्या चार रेघा पुसल्या.
डाग राहिला. पुढच्या दिवाळीत चुना लावेपर्यंत होता.

काल रात्री दोन सतराला फोन थरथरला.
सिंगापूर तुटलं.
मुंबईनं आणि हैदराबादनं आपसात मत देऊन
नवा लीडर नेमला,
आणि जुन्याला आपण आता कुणी नाही
हे कळायला नऊ सेकंदं लागली.
तेवढ्यात त्यानं स्वतःपुरत्या लिहून घेतल्या
अकरा नोंदी.
गाडीवरून पार्सलं पोचवणाऱ्या पोरांच्या
अकरा फेऱ्या.
लाइन जुळली की त्या आपोआप जाणार होत्या.
मला काहीच करायचं नव्हतं,
नुसतं बघत बसायचं होतं.

मी ते यंत्र थांबवलं.

बंगळुरूहून प्रणीतचा मेसेज आला:
कोरम नाही, म्हणजे घडलंच नाही. झोप आता.
बरोबरच आहे त्याचं. ते तसंच बांधलंय,
मीच बांधलंय,
आणि तसं नसतं तर एकाच पैशाचे दोन पैसे झाले असते.
तरी त्या अकरा ओळी मी बाजूला उतरवून घेतल्या.
फाइलला नाव द्यायचं होतं.
छाट, असं टाइप केलं.
मग यंत्र परत जोडलं
आणि त्यानं शहाण्यासारखं सगळं पुसून टाकलं.

पावणेचारला नळ आला, चार दिवसांनी.
अम्मा उठली. पिंप, टाकी, हंडे, शेवटी पातेलीसुद्धा.
ती एका भांड्यावर कधी भरवसा ठेवत नाही.
पाइप धरून दारात येऊन म्हणाली,
"काय करलालीस एवढ्या रात्री?"
मोजतेय.
"कुणाचं?"
माहीत नाही. नावांच्या जागी नुसते नंबर आहेत.
ती थोडा वेळ थांबली. पातेलं वाहायला लागलं होतं.
"मग मोठ्यानं मोज," म्हणाली,
"मला पण ऐकू येऊ दे."

ओकटी.
रेंडू.
मूडू.