उष्टी कार्डं

टोलीडोच्या अग्निशमन केंद्राचा हॉल,
महिन्यातला दुसरा रविवार.
घडीचं टेबल, त्यावर हिरवी चादर,
चादरीवर माझी माणसं :
टपालाच्या तिकिटाहून जराशी मोठी,
टोपीवाली, करडी, बॅट खांद्यावर.

शेजारी डेल्बर्टची रेघारेघांची कार्डं,
सीरियलच्या खोक्यातून निघालेली.
तिरकी धरली की बॅट फिरते.
चेंडू मात्र कुठेच छापलेला नाही.
मी त्याला हे एकदा दाखवलं,
तर दोन महिने बोलला नाही माझ्याशी.

माझी त्याहून जुनी. एका सेंटच्या च्युइंगगममधली.
निघायची तेव्हा कोरी.
पोरानं जिभेनं ओलं करायचं कार्ड,
वेष्टनाचा पिवळा कागद वर दाबायचा,
मग उन्हात धरायचं.
आधी हनुवटी, मग कान,
मग टोपीवरचं अक्षर.
घाई केली तर भूत.
विसरलं उन्हात, तर करपलेला टोस्ट.

गिऱ्हाइकं भिंग लावून विचारतात,
"कितपत उमटलाय?"
मी मनात म्हणते, कुणाची थुंकी ही?
कुणा आठ वर्षांच्या तोंडातली,
द्राक्षाच्या सरबताची,
पडलेल्या दाताच्या फटीतून आलेली.
बोलून दाखवत नाही. धंदा बसेल.

कॅसिमिर वोय्तासिक फक्त वाईट कार्डं घ्यायचा.
अर्धवट, डागाळलेली, कोपऱ्यात अंगठा उमटलेली.
वय त्र्याऐंशी. घासाघीस अजिबात नाही.
एकदा म्हणाला, लहानपणी मला दमा होता,
मी खिडकीशी पलंगावर.
ल्युडविक, थोरला, गम आणायचा,
गम मला द्यायचा, कार्ड स्वतः चाटायचा,
म्हणायचा, तुझी थुंकी आजारी आहे,
माणूस खोकत बाहेर येईल.

पुढे दोघं एकाच गल्लीत राहिले, समोरासमोर.
एकतीस वर्षं अबोला.
कशावरून? तर बर्फ उपसायच्या यंत्रावरून.
कुणी ते परत करताना पेट्रोल भरलं नव्हतं.
कुणी, ते त्याला आठवत नव्हतं.
मी विचारलं होतं.

या मार्चमध्ये आला तो सिगारचा डबा घेऊन.
ल्युडविकच्या गॅरेजमधला. पुतणीनं दिलेला.
आत सुतळी, दोन किल्ल्या,
आणि एक कार्ड. कोरं.
कुणीच न चाटलेलं.
मागे कोडं छापलेलं, बोटांनी पुसट झालेलं :
"डावखुरा मी, पण सही उजव्या हाताने..."
पुढचं गेलेलं.

"कोण आहे आत?"
मी म्हटलं, सांगता येणार नाही.
म्हटलं, असंच ठेवा, कोऱ्याला जास्त भाव.
आकडाही सांगितला. चांगला होता.
म्हटलं, तो पिवळा कागद आता मिळत नाही,
मिळाला तरी त्यातलं औषध केव्हाच मेलेलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.
कवळी काढली, रुमालात ठेवली,
आणि कार्ड चाटलं.
सावकाश. पाकीट चिकटवताना चाटतात तसं.

हॉलच्या उंच खिडकीतून ऊन येतं,
अकराच्या सुमाराला, लाल गाडीच्या बंपरवर.
तिथे जाऊन उभा राहिला हात लांब करून.
डेल्बर्ट बघत होता. मीही.
एक गिऱ्हाईक विचारत होतं, मी ऐकलंच नाही.

काही उमटलं नाही.
मधोमध किंचित तपकिरी काहीतरी, बहुतेक कॉफी.
"कान आहे," तो म्हणाला.
मी भिंग लावलं. बराच वेळ लावलं.
म्हटलं, असेल.

शर्टाच्या खिशात ठेवलं त्यानं ते, ओलंच,
तोंड बाहेरच्या बाजूला,
आणि कवळी न घालताच गेला.

दुपारी तीन कार्डं खपली.
एक जण म्हणाला, जरा स्वच्छ नाही का यांत?
मी म्हटलं, नाही हो.
सगळी उष्टीच आहेत.