आगरवाड्यात उणे दहा

ब्रास बाब एकतीस वर्षांनी कॅनडाहून परतले,
मागोमाग मुरगाव बंदरात त्यांचा कंटेनर.
सोफा, शिलाई मशीन, भांड्यांची चौदा खोकी,
आणि हे एक हिरवं, रुंद तोंडाचं यंत्र.
टेंपोवाल्याने विचारलं, "भात कापतं काय?"
"बर्फ उडवतं," ब्रास बाब म्हणाले.
टेंपोवाला हसला नाही.
भाडं मात्र शंभर जास्त घेतलं.

माझं दुकान वळणावर.
पंपाच्या मोटारी बांधतो, मिक्सर, क्वचित पंखा.
यंत्र बाकड्यावर उताणं घातलं
आणि पोटात हात घातला.

पुढे आडवं मळसूत्र,
चोरिसाचं मांस दळायच्या यंत्रात असतं तसं, फक्त हातभर लांब.
दोन्ही कडांचा बर्फ ते मध्ये ओढतं.
मागे चार पात्यांचा पंखा. मध्ये आलेलं तो भिरकावतो
वरच्या धुरांड्यातून, वळवाल त्या अंगाला.
मोटारीत कार्बन नाही, घासणारं काही नाही.
मूठ सोडली की सगळं जागच्या जागी थांबतं.
पेट्रोल नाही, दोरीला हिसके नाहीत,
म्हणून पहाटे पाचला शेजारी उठत नाहीत.

इतकं कळलं. पण बॅटरीची खोबण रिकामी.
जहाजवाल्यांनी ती घेतलीच नव्हती.

"रात्री बॅटरी घरात घ्यायची," ब्रास बाब सांगत होते,
"बाहेर राहिली तर सकाळी अर्धीच.
आमची पावाच्या डब्याशेजारी असायची.
फिलू रात्रपाळीची नर्स. सात वीसला तिची गाडी वळायची,
त्याआधी दारापासून रस्त्यापर्यंत वाट मोकळी.
चाळीस मिनिटं चालते. ओला बर्फ असला तर पंचवीस.
आणि सगळं झालं की नगरपालिकेचा नांगर येऊन
वाटेच्या तोंडाशीच भिंत रचून जायचा,
घट्ट, मीठमिसळ."
ते 'असायची', 'वळायची' म्हणत होते.
मी स्क्रू मोजत होतो.

"मीठ?" दारातून सगुणने विचारलं.
आगरातून सरळ आलेला, पोटऱ्यांवर पांढरं वाळलेलं.
"रस्त्यावर टाकतात. बर्फ वितळतो."
"रस्त्यावर?"
असं त्याने तीनदा विचारलं.

पुतणीच्या स्कूटरची बॅटरी काढली.
दोन पिना विजेच्या, तिसरी बोलायची:
तिथून यंत्र बॅटरीला विचारतं, किती तापलीस?
उत्तर आलं नाही तर हलत नाही.
मी तिथे दीड रुपयाचा रेझिस्टर टाकला
आणि चौतीस डिग्रीच्या एप्रिलात
यंत्राला खोटं सांगितलं, की सगळं थंड आहे.

मग आम्ही तिघे बांधावर,
सगुणच्या कालच्या मिठापाशी.
"एकच फेरी," सगुण म्हणाला. "सांडलं तर पैसे."

ब्रास बाबांनी मूठ दाबली.
आधी घरघर, मग मळसूत्राने घास घेतला
आणि मीठ उठलं, कमान करून, खाजणावर.
वारा समुद्राकडून होता.
त्यांचा डावा हात आपोआप वर गेला,
धुरांडं वाऱ्याला पाठ करून वळवलं.
खांदे पुढे, मान कॉलरमध्ये,
जणू कानाला झोंबतंय काहीतरी.
दहा पावलं. बांध जिथे रस्त्याला मिळतो तिथे
मूठ सोडली आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले.
मोरजीची बस गेली.

"चार पाट्या गेल्या," सगुण म्हणाला.
त्याने दोनशे घेतले,
पन्नास परत केले.
"पण ह्या कामाला फळीच बरी," म्हणाला,
"हे दाणा फोडतं."

विहिरीच्या पाण्याने यंत्र तीनदा धुतलं.
तरी गंज येणार, मला माहीत आहे,
आत, पंख्याच्या मागे, जिथे फडकं पोचत नाही.

संध्याकाळी उर्वी क्लासला निघाली.
"काका, दोन काड्या कमी दाखवतंय. कुठे नेली होती?"
"बर्फात."
तिने बॅटरीच्या पिनेवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं
आणि काही न बोलता ओढणीने पुसू लागली.