सातवा

कटीघाटीच्या चढावर काल गाडी गपकन मेली.
अठरा डबे मागे, कुंदाताईची कढी निवत चाललेली,
आणि मी ढकलतोय.

आज रात्री निळं वेष्टण सोललं.
मेलेल्या लॅपटॉपांची पोटं फाडून
मीच जुळवलेले तेरा गट.
मीटरची टोकं टेकवतो, आकडे सांगतो,
ताई दुधाच्या हिशोबाखाली मांडते:
चार शून्य नऊ. चार शून्य आठ. चार अकरा.
सातवा तीन बावन्न.

"हाच का तो नाठाळ?"
नाठाळ नाही गं. आधी दमतो.
तो दमला की बारा जणांचं भरलेपण फुकट.

बाराही जणांना उतरवत बसण्यापेक्षा
ह्या एकालाच वेगळा चार्जर लावला,
पंगत उठल्यावर आलेल्याला
मागाहून पान वाढावं तसं.
भरतो हळू. शंभरावा भाग, मग आणखी एक शंभरावा.
लष्करची थंडी फरशीतून पोटऱ्यांत चढते.

तीन वाजता तीन शहाण्णव.
ताई भिंतीला टेकून झोपलीय,
तिचा शेवटचा नऊ ओळीखाली घसरलेला.
सातव्यावर बोट ठेवतो. कोमट.
तो, की माझंच बोट?

आठवड्याभरात पुन्हा मागे पडेल. माहीत आहे.
अकराला डबे निघतात.