किती वाजताची

प्रणोती बोलोन्याहून आली
तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा कागदच जास्त.
कागदाच्या आत टॉवेल, टॉवेलाच्या आत बाटली,
बाटलीवर लहान पोराने काढावं तसं वाकडं गाढव.
म्हणाली, दादा, नॅचरल आहे.
मी म्हटलं, मग बाकीच्या काय नायलॉनच्या असतात?

पंचवीस वर्षं मी द्राक्षं विकतोय
वाशीच्या फळबाजारात.
पेटी न उघडता वासावर सांगतो
माल तासगावचा की नाशिकचा,
आणि टेम्पो वाटेत कुठे जेवायला थांबला होता.
द्राक्ष सडतं, एवढं मला ठाऊक.
सडता सडता शहाणंही होतं,
हे तिने सांगितलं.

तिकडे कमानींखाली एक बोळ,
बोळात आठ स्टुलं, फळ्यावर खडूने नावं.
मालक काय हवं विचारत नाही,
तोंडाकडे बघतो आणि ओततो.
सोबत जाड सालीचा पाव, कागदाइतकं पातळ मांस.
दोन वर्षं तिने तिथे ताटल्या विसळल्या,
तिसऱ्या वर्षी सुरी हातात मिळाली.
वरून काही घालायचं नाही, ती म्हणाली,
सालीवर जी पांढरी धूळ असते ना
तीच सगळं काम करते.
आपल्याकडे कुठे मिळतं असं?

सीवूड्सच्या मॉलमध्ये, मी म्हटलं,
एका ग्लासात माझी एक पेटी जाते.
तिने नाक मुरडलं.

मग दिवाळ्याला गेलो.
पुलाखालून वळलं की जाळी वाळत असतात,
तिथेच गाडी लावायची.
घड्याळ बघून जायचं नाही, भरती बघून जायचं.
हौसाकाकूच्या ओट्याला पाटी नाही.
चुलीवर जिताड्याचं कालवण, तव्यावर निवट्या,
आणि भाकरी थापायचा आवाज थांबला
तर समजायचं, गिऱ्हाईक नको आहे.

बूच काढायला स्क्रू आणि पक्कड.
फस्स झालं, थोडी माझ्या शर्टावर.
गढूळ, नारिंगी, तळाशी गाळ.
स्टीलच्या पेल्यात ओतली.
काकूने पेला कानाशी नेला आधी,
मग नाकाशी,
मग एक घोट.

"किती वाजताची हाय गो ही?"

प्रणोती म्हणाली, काकू, वाजता नाही, साल असतं.
दोन हजार एकोणीसची.

"साल र्‍हाऊ दे. वाजलं किती व्हतं?"

काकू माडीला मारी म्हणते.
धर्माकाका अकरा माडांवर चढायचा,
आता तिथे सेक्टर आहे, माड नाहीत.
उजाडताना उतरलेली पोरांना,
दहाची जिभेला टोचणारी,
दुपारची भांडण लावणारी,
दिवेलागणीची फक्त पिठाच्या कामाची.
एका घोटात ती सांगायची
नवरा किती वाजता खाली उतरला
आणि वाटेत कुणाच्या ओट्यावर टेकला.
मग एकदा मडकं उशिरा आलं,
दुसऱ्याच कुणाच्या हातात.

तिने आणखी एक घोट घेतला.
"अरीच," म्हणाली. "अरीचची मारी हाय ही. बरी हाय."

प्रणोती हसायला लागली
आणि मध्येच थांबली.
फोन काढला, काहीतरी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
मी निवटीचा काटा काढत बसलो.

बाटली संपली. पेले मी विसळणार तेवढ्यात
काकू ओरडली.
तळाचा गाळ तिने बोटाने निपटला,
तांदळाच्या पिठात कालवला,
वर ताट, ताटावर वरवंटा.
"खरी आसंल त उठंल."

पहाटे चारला मी गाळ्यावर,
टेम्पो खाली होत होता, फोन वाजला.
प्रणोती तिथेच झोपली होती काकूकडे.
"दादा, वरवंटा पडला खाली!"
एवढंच, आणि मागे काकूचा तव्यावरचा आवाज.

मी पहिली पेटी उघडली.
सालीवर ती धूळ होती.
पंचवीस वर्षं फडक्याने पुसत आलोय,
गिऱ्हाइकाला काळीभोर चकचकीत लागतात.
फडकं हातात होतं.
आज म्हटलं, राहू दे.