दोन नंबर

बोटीचं इंजिन विकून एन्देलने आणला
विटेएवढा एक काळा डबा.
डिजिटलचं अ‍ॅनलॉग करतो म्हणे.
"मुलाने दिलेला स्ट्रीमर आहे की आपल्याकडे."
"तो नुसते आकडे आणतो, हेल्वी.
आकड्यांचा आवाज कुणीतरी करायला हवा."
"इतके दिवस करत होता ना तोच?"
"करायचा. अळणी."

तार्तूत आमचं घर वाटाणा रस्त्यावर.
पलीकडे घेवडा, मग बटाटा;
भुकेल्या माणसाने नावं ठेवली असणार.
मार्च होता. नदीवरचा बर्फ काळवंडलेला,
पाय ठेवू नये असा.
इंजिन असतं तर मे महिन्यात सरोवरावर गेलो असतो.
हे मी बोलले नाही.
बटाटे जरा जाडच सोलले.

त्याने दोन्ही डबे एकमेकांना जोडले.
बारीक तार, टोकाला लाल उजेड.
खोचण्याआधी माझ्या तळहातावर धरला तो उजेड,
"बघ, अख्खा चेलो यातून जातो."
हात गरमसुद्धा झाला नाही.
मग डब्यात कुठेतरी टक् झालं,
एन्देल म्हणाला, "जमलं. कुलूप लागलं त्यांचं."
आमच्या लग्नात पाद्री
याहून जास्त वेळ बोलला होता.

शेजारचा तार्मो येऊन म्हणाला,
"डोळे मिटून ओळखाल का, कुठला कुठला?"
झालं. रविवारी दुपारी
एन्देल खुर्चीत, आमच्याकडे पाठ करून.
मध्ये दोरीवर घोंगडी.
अ‍ॅम्प्लिफायरपाशी मी:
एक नंबर म्हणजे जुनं, दोन नंबर म्हणजे इंजिन.
वीस वेळा. हातात कागद, कानावर पेन्सिल.

पहिल्या बारात सहा बरोबर.
एवढं तर आमचं मांजरही ओळखेल.
त्याची मान मागून दिसत होती,
केस मीच कापलेले, डावीकडे थोडे चुकलेले,
आणि दर वेळी उत्तर देण्याआधी
ती मान किंचित वर व्हायची,
पाण्यावर गळ हलला की व्हायची तशी.

तेराव्या वेळी चेलो वाजवणारीने
लांब सूर धरण्याआधी श्वास घेतला.
नाकातून. सर्दी झाल्यासारखा.
कोण असेल ही बाई, असं मनात आलं,
घरी कुणी सूप करून देतं का तिला.
"दोन!" एन्देल ओरडला. "ऐकलंस? श्वास!"
ऐकला होता.
बोट बटणावर तसंच होतं.
तेरा, चौदा, पंधरा, थेट विसापर्यंत
मी बटण दाबायलाच विसरले होते.
खाली पाहिलं: एक.

"किती?" त्याने विचारलं.
"चौदा," मी म्हणाले.
त्याने येऊन कागद घेतला.
बाराच्या खाली कागद कोरा होता.
बराच वेळ वाचला त्याने तो कोरा भाग,
मग घडी घालून खिशात टाकला.
"चौदा," तो तार्मोला म्हणाला, "वाईट नाही."
आणि मला म्हणाला, "सूप कर काहीतरी. थंडी आहे."

रात्री तो घोरायला लागल्यावर मी खाली आले.
काळ्या डब्यावर टाचणीएवढा दिवा.
आवाज अगदी बारीक केला,
दोन नंबर दाबला,
आणि त्या श्वासाची वाट पाहत बसले.
आला.
जरा जवळून आला, असं वाटलं.
पण मी खुर्चीही पुढे ओढली होती.